नकाराच्या बिया

पहाटे चूल पेटवण्याआधी एक स्तोत्र म्हणायचे आणि दिवसभरात कोणावर आवाज चढवायचा नाही, असा माझा नेम आहे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी घेतला, तो आजवर मोडला नाही. त्यामुळे आमच्या रशब्रुक गावात मला सगळे गरीब गाय समजत. राग येतच नाही आणि राग येऊनही आवाज चढत नाही, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पण गावाला ते कळायला त्या वर्षीचा मार्च यावा लागला.

तिकडे इंग्लंडात राजाचे डोके उडवल्याला वर्ष होऊन गेले होते. ती बातमी बोस्टनच्या बंदरात उतरली तेव्हापासून आमचे पुरुष छाती जरा जास्तच काढून चालायचे. "आपल्याकडे राजा नको आणि राजाचा माणूसही नको," माझे यजमान एलिफलेट लापशीवर काकवी ओतता ओतता सांगायचे. "इथं ज्याचं त्याचं मत ज्याच्या त्याच्या मुठीत."

मुठीत म्हणजे खरोखरच मुठीत. गावसभेत एखादी गोष्ट मताला टाकली की चर्चच्या मंडळीत नाव असलेला एकेक पुरुष उठतो, मूठ झाकून पुढे जातो आणि टेबलावरच्या वाडग्यावर ती उघडतो. मक्याचा दाणा पडला तर होकार, घेवड्याची बी पडली तर नकार. कोणी काय टाकले ते शेजारी बसलेल्यालाही कळू नये म्हणून दाणा आणि बी दोन्ही जवळ ठेवायची पद्धत. ज्याने त्याने आपल्या घरून आणायची.

बायकांना मत नाही. सभाघर झाडायचे काम मात्र बाईचे. ते माझ्याकडे आहे. शब्बाथच्या, म्हणजे रविवारच्या, दिवशी तिथे प्रार्थना होते आणि एरवी गावसभा. चिखल दोन्ही वेळा सारखाच येतो.

फेब्रुवारीत माझी धाकटी बहीण डिझायर मार्बलहेडहून आमच्याकडे आली. तिचा नवरा मासेमारीच्या बोटीवर होता. बोट परत आली, तो आला नाही. ती आली तेव्हा सातवा महिना लागला होता, पायांत नवऱ्याचे बूट होते, त्यांत गवत कोंबलेले. दारातच म्हणाली, "ताई, मी फार जागा नाही अडवणार." मी तिला आत ओढले.

आमच्याकडे नियम असा आहे की परगावच्या माणसाला एका घरधन्याने तीन आठवड्यांपलीकडे ठेवायचे असेल तर गावसभेची परवानगी लागते. गावाने नाही म्हटले की कोतवाल येतो आणि त्या माणसाला शिवेपर्यंत पोचवून येतो. पुढे बर्फ आहे की लांडगे, ते गावाने पाहायचे नसते. डिझायरच्या बाबतीत तर कारण उघडच होते. मूल इथे जन्मले की ते इथले, आणि इथले झाले की त्याला उपाशी ठेवता येत नाही. तेव्हा ते जन्मण्याआधीच शिवेबाहेर गेलेले बरे.

सभेच्या आधीच्या आठवड्यात आमच्या चुलीपाशी अर्धे गाव येऊन बसून गेले. प्रत्येकाने डिझायरच्या हातची मक्याची भाकरी खाल्ली. तिच्या हाताला आमच्या आईची चव आहे. चर्चचा कारभार बघणारे डीकन, गिरणीवाला, शेजारच्या पेलबाईचा नवरा, सगळे बोटे चाटत म्हणाले, "काळजी करू नका बाई, आमचा दाणा तुमचाच."

कॅप्टन गॅडस्बीसुद्धा आले. गावात काचेची खिडकी असलेले घर त्यांचे एकट्याचेच. पंचांचे प्रमुख तेच, शिबंदीचे कॅप्टनही तेच. पाय शेकत बसले आणि डिझायरला म्हणाले, "पोरी, देव विधवांचा कैवारी असतो."

"देव आहेच," डिझायर म्हणाली, "पण गाव आहे का, तेवढं सांगा."

कॅप्टन हसले. माझे यजमान त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसले. मला ते हसणे आवडले नाही. कॅप्टन निघाले तसे यजमान कंदील घेऊन त्यांना सोडायला गेले आणि बऱ्याच वेळाने परत आले. विचारले तर म्हणाले, "डुकरांबद्दल बोलत होतो."

ते खोटे नसावे असे मला तेव्हा वाटले, कारण यजमान गेली कित्येक वर्षे गावाचे डुकरांचे राखणदार होते. दर मार्चमध्ये सभा त्यांनाच नेमायची. कोणाचे डुक्कर कोणाच्या शेतात शिरले, कोणाच्या डुकराच्या नाकात कडी नाही, हे बघायचे आणि शिव्या खायच्या. पेलबाई त्यांना तोंडावर 'डुकरांचे गव्हर्नर' म्हणायची. त्यांना ते फार लागायचे. सभाघरात पंचांचा बाक अगदी पुढे आहे, शेगडीजवळ. त्या बाकाकडे ते ज्या डोळ्यांनी बघायचे, त्या डोळ्यांनी मी त्यांना दुसऱ्या कशाकडे बघताना पाहिले नाही.

सभेच्या दिवशी सकाळी मी कणसातला सगळ्यात टपोरा दाणा निवडला. स्तोत्र म्हणून झाल्यावर यजमानांच्या तळहातावर ठेवला. "हा डिझायरसाठी."

"एकच?" ते म्हणाले.

"मत एकच असतं ना?"

"हो, हो. एकच." त्यांनी दाणा खिशात टाकला. "बी मी घेतो वाटेत." दाराजवळच्या फळीवरून त्यांनी काहीतरी उचलल्याचा आवाज आला. मी डिझायरच्या पायांना मेंढीची चरबी चोळत होते, वळून पाहिले नाही.

बायका सभाघराबाहेर कुंपणापाशी थांबल्या होत्या. थंडी होती, तरी कोणी हलेना. थोड्या वेळाने कोतवाल टोबायस दारात आला आणि ओरडला, "नवा पंच, एलिफलेट! एकमतानं! एकसुद्धा बी नाही!"

पेलबाईने माझ्याकडे पाहिले. "अगं हिटी, तुझे गव्हर्नर बढतीवर गेले की! आता डुकरांना कोण विचारणार?"

मला हे काहीच माहीत नव्हते. नवरा निवडणुकीला उभा आहे हे मी कोतवालाच्या तोंडून ऐकले. तरी मनात आले, बरे झाले, पंच झाले म्हणजे डिझायरच्या बाजूने उभे राहतील. आणि लगेच दुसरे मनात आले, ते जाता जाईना. एकमताने म्हणजे त्यांचे स्वतःचेही मत. त्यांच्याकडे दाणा एकच होता. मी डिझायरसाठी निवडून दिलेला दाणा त्यांनी स्वतःला टाकला होता.

मग डिझायरचे मत झाले. कोतवाल पुन्हा दारात आला. या वेळी ओरडला नाही. "गाव राजी नाही," एवढेच म्हणाला आणि टोपी सारखी करत आत गेला.

पुरुष बाहेर आले. देवाची शपथ, असा तमाशा मी कधी पाहिला नाही. डीकन माझ्याजवळ येऊन डोळे पुसत म्हणाले, "बाई, मी दाणाच टाकला हो." गिरणीवाला म्हणाला, "माझा तर दाणा. कोणाच्या मनात काय, देव जाणे." पेलबाईचा नवरा म्हणाला, "मला तर धक्काच बसला." एकामागून एक सगळे मला सांगून गेले. कोणीच नकार दिला नव्हता. नकार वाडग्यात आपोआप उगवला होता.

शेवटी यजमान आले. चेहरा लांब केला होता, पण पाय हलके पडत होते. "काय करणार, हिटी. गावापुढं कोणाचं चालतं? मी माझं केलं."

"केलंत," मी म्हणाले.

त्यांना वाटले मी मान्य केले.

सगळे पुरुष खानावळीत सफरचंदाची दारू प्यायला गेले, नव्या पंचाच्या नावाने. मी केरसुणी घेऊन सभाघरात गेले. वाडगा टेबलावर पालथा पडला होता. मोजून झाल्यावर कोणीतरी बाहीने सगळे खाली लोटून दिले होते. फळ्यांवर, बाकांखाली, चिखलाच्या ढेकळांत घेवड्याच्या बिया पसरल्या होत्या. मी झाडायला वाकले आणि थांबले.

आमचे पुरुष जमीन नांगरतात, झाडे पाडतात, कायदे करतात. बियाणे ते राखत नाहीत. कोणत्या शेंगा वेलावर वाळू द्यायच्या, कोणती बी पुढच्या वर्षासाठी ठेवायची, कोणती शेजारणीला मूठभर द्यायची, हे सगळे बायकांचे. प्रत्येकीचे बियाणे तिच्या आईकडून किंवा सासूकडून आलेले असते. पेलबाईची बी बदामी, तिच्यावर काळ्या रेघा. डीकनच्या बायकोची, प्रुडन्सची, बारीक आणि दुधासारखी पांढरी. गिरणीवाल्याकडची मोठी, विटकरी, पोटाशी काळा ठिपका. आम्ही त्या एकमेकींच्या पोरांसारख्या ओळखतो. पुरुषांना बी म्हणजे बी. मूठ घट्ट झाकून नेली म्हणजे झाले, असे त्यांना वाटते.

मी गुडघ्यांवर बसून एकेक बी उचलली. पेल. डीकन. गिरणी. डोळे पुसत दाणा टाकल्याचे सांगणारा डीकन. मला रडू आले नाही. कान मात्र गरम झाले होते.

शेवटची बी पुढच्या बाकाच्या पायाशी होती. अर्धी पांढरी, अर्धी किरमिजी.

ती बी रशब्रुकमध्ये फक्त माझ्याकडे होती. माझ्या आईने ती नदीकाठच्या इंडियन टोळीतल्या एका बाईकडून एका सुईच्या बदल्यात घेतली होती. आई गेली तेव्हा बियाण्याचे मडके माझ्याकडे आले, कारण मी थोरली. दाराजवळच्या फळीवर तेच मडके असायचे. खायचा घेवडा माळ्यावर पिंपात होता, पण माळ्यावर चढायचा कोणाला कंटाळा नसतो? हाताला आले ते त्यांनी घेतले. आमच्या दोघींच्या आईच्या बियाण्याने त्यांनी आईच्याच धाकट्या लेकीला गावाबाहेर काढले.

मी पुढच्या बाकावर बसले. पंचांच्या बाकावर. शेगडीतली राख अजून कोमट होती. मला त्या वेळी आवाज चढवायचा होता. रिकाम्या सभाघरात, छपरावरच्या चिमण्या उडतील इतका. मी दात दातांवर ठेवून स्तोत्र म्हणत राहिले आणि मग बिया रुमालात बांधून घरी गेले. डिझायरला काही सांगितले नाही. ती मोजे विणत होती, एवढे एवढे, अंगठ्याएवढे.

कोतवालाने पुढच्या सोमवारपर्यंत मुदत दिली होती. मध्ये शब्बाथ आला.

सकाळचे प्रवचन आणि दुपारचे प्रवचन यांच्या मधल्या वेळात बायका सभाघरामागच्या झोपडीत जमतात. सभाघरातल्या एका शेगडीने थंडी जात नाही, झोपडीत मोठी चूल आहे. तिथे बसून आणलेले खायचे, पोरांना पाजायचे. पुरुषांची झोपडी वेगळी. त्या दिवशी सगळ्या डिझायरला जागा करून देत होत्या, अंगावर घोंगडी घालत होत्या. "बिचारी," प्रुडन्स म्हणाली. "आमचे हे तर रात्रभर झोपले नाहीत. दाणा टाकूनही काही उपयोग झाला नाही म्हणून."

"आमचेही," गिरणीवालीण म्हणाली.

"मग टाकल्या कोणी बिया?" पेलबाई गुरगुरली. "उंदरांनी?"

मी रुमाल मांडीवर घेतला. "पेलबाई, जरा ते फळकूट इकडं सरकव."

रुमाल सोडला आणि पहिल्यांदा किरमिजी बी काढली. फळीच्या मधोमध ठेवली. "ही माझी."

चुलीत लाकूड तडकले. डिझायर बीकडे बघत होती. तिने ती बी लहानपणी आईच्या ओटीत हजार वेळा पाहिली होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले. मी नजर वळवली नाही.

"दाजींनी?" ती हळूच म्हणाली.

"हो."

मग मी बाकीच्या बिया फळीवर ओतल्या. "कोणाची कोणती, मी सांगणार नाही. ज्या त्या बाईनं बघावं."

सगळ्या पुढे सरकल्या. पेलबाईने एक बदामी बी उचलली, चुलीच्या उजेडात धरली, फिरवली. तिचा चेहरा भट्टीसारखा झाला. "मेल्या! म्हणे धक्का बसला! भाकरी खाऊन आला, दोन वेळा काकवी मागून घेतली, आणि वर मला म्हणतो, पोरगी गुणी आहे!" मग डिझायरकडे वळली. "बाळ, तुझ्या भाकरीला नावं नाहीत हो. खाणाऱ्याच्या तोंडाला नावं आहेत."

प्रुडन्सने आपली बी उचललीच नाही. ती नुसती बघत होती. "पांढरी तर खूप जणींकडे असते," ती म्हणाली.

"कोणाकडे गं?" पेलबाई म्हणाली. "एवढी बारीक? गेल्या साली मी तुझ्याकडून मूठभर मागितली, तर म्हणालीस, सासूबाईंचं बियाणं आहे, घराबाहेर देत नाही."

प्रुडन्स रडायला लागली. "ते डीकन आहेत," ती म्हणाली. "त्यांनी देवाची शपथ घेतली माझ्यापुढं."

"माझे पंच आहेत," मी म्हणाले. "रडू नकोस. उचल आणि घरी ने."

"नेऊन काय करू?"

"ते तू ठरव."

दुपारच्या प्रवचनाला बायकांच्या बाजूला इतकी शांतता होती की पाद्री दोनदा थांबून आमच्याकडे बघू लागले. प्रत्येकीची एक मूठ झाकलेली होती.

सूर्य मावळला, शब्बाथ संपला. मी यजमानांपुढे लाकडी थाळी ठेवली. थाळीत ती एक बी होती, कोरडी. बाकी काही नव्हते.

ते हसले. "हे काय? उपास का आज?"

"तुमचं मत आहे. सभाघरात सांडलं होतं, आणून दिलं."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मडक्याकडे पाहिले, फळीकडे पाहिले, मग बीकडे. कळले तशी लाज नाही आली, राग आला. "तू माझं मत हुंगत फिरलीस? अगं, ते झाकलेलं असतं! का झाकतात, ठाऊक आहे? उद्या कॅप्टनची बायको अशाच बिया ओळखायला लागली तर गरिबानं काय करायचं? याच्यासाठी आम्ही समुद्र ओलांडून आलो!"

हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मी त्याच्यावर पुढे पुष्कळ विचार केला आहे. त्या वेळी मी एवढेच म्हणाले, "मूठ झाकायची ती कॅप्टनपासून. तुम्ही ती माझ्यापासून झाकलीत. कॅप्टनला तर आधीच उघडून दाखवली होती, कंदील घेऊन."

ते मऊ आवाजात म्हणाले, "हिटी, नीट ऐक. पंच झालो आहे. आता आत राहून काहीतरी करता येईल. आज ना उद्या."

"तिला आठवा महिना आहे. उद्या कोतवाल येणार. तुम्ही दारात उभं राहा आणि तुमच्या तोंडानं तिला सांगा, जा. बी नको, दाणा नको. तोंडानं."

"तू ओरडत का नाहीस?" ते एकदम म्हणाले. "ओरड ना! इतर बायकांसारखी ओरड, म्हणजे संपेल!"

"संपू नये म्हणूनच," मी म्हणाले आणि थाळी तिथेच ठेवून उठले.

सोमवारी सकाळी कोतवाल टोबायस आला तेव्हा अंगणात बायका उभ्या होत्या. मी कोणाला बोलावले नव्हते. पेलबाई पुढे होती, हातात घोंगडी. प्रुडन्सचे डोळे सुजले होते, पण ती आली होती.

कोतवालाने घसा साफ केला. "गावाच्या हुकमानुसार, एलिफलेट, तुमच्या घरी ठेवलेल्या परक्या बाईला घराबाहेर काढण्यात यावं."

यजमान दारात उभे होते. त्यांनी डिझायरकडे पाहिले. डिझायर बूट घालून, गाठोडे घेऊन त्यांच्या समोर उभी होती आणि वाट पाहत होती. त्यांचे तोंड उघडले, मिटले. ते बाजूला झाले. 'जा' एवढेही त्यांना तोंडाने म्हणवले नाही.

डिझायर उंबरा ओलांडून आली. पेलबाईने तिच्या अंगावर घोंगडी टाकली आणि कोतवालाला म्हणाली, "काढली ना घराबाहेर? झालं तुझं काम. आता ही माझ्या घरी येते आहे. तीन आठवडे ठेवायला कोणाला विचारावं लागत नाही, असं तुमचाच नियम सांगतो."

"आणि तीन आठवड्यांनी?"

"माझ्याकडे," गिरणीवालीण म्हणाली.

"मग माझ्याकडे," प्रुडन्स म्हणाली. "डीकन नाही म्हणणार नाहीत. मी त्यांच्या बायबलावर त्यांची बी ठेवली आहे. काल रात्रीपासून ते बायबल उघडू शकलेले नाहीत."

टोबायसला मिशीत हसू आवरेना. "कॅप्टनसाहेबांना काय सांगू?"

"सांग, घरातून काढली," पेलबाई म्हणाली. "हुकूम बजावला म्हण."

जाताना डिझायर माझ्या गळ्यात पडली. मी फळीवरचे मडके काढून तिच्या हातात दिले. आईचे सगळे बियाणे. एक बीसुद्धा मागे ठेवली नाही.

तिचा मुलगा मे महिन्यात प्रुडन्सच्या घरी जन्मला. बाळंतपण मी केले. डीकन बाहेर लाकडे फोडत होते, गरज नसताना.

मूल जन्मलेले ऐकून कॅप्टन गॅडस्बींचा संयम सुटला. बायकांनी कायद्याला वळसा घातला, अशाने गाव राहणार नाही, असे म्हणत त्यांनी जादा सभा बोलावली. नवा ठराव असा की घर बदलले तरी परके ते परकेच, आणि आईबरोबर मूलही परकेच धरावे. ठराव पडला. कसा पडला, यावर रशब्रुकमध्ये पुरुष अजून वाद घालतात. कोणी म्हणतात कॅप्टनचा ताठा नडला, कोणी म्हणतात पाद्र्यांनी चांगले प्रवचन दिले. या खेपेला नकारच डिझायरच्या बाजूचा होता, आणि ज्याला त्याला आपण बीच टाकली हे आठवते.

मला माहीत आहे ते इतकेच. मेमध्ये घेवडा पेरून झालेला असतो. घरात बी म्हणून उरलेली असते ती मूठभर, बायकोच्या मडक्यात, आणि मडके आता फळीवर नसते, पेटीत असते. त्या सकाळी गावातल्या प्रत्येक पुरुषाला बायकोपुढे हात पसरावा लागला. आणि प्रत्येक बाईने, कोणी भाकरी थापताना, कोणी दूध काढताना, मान वर न करता एकच प्रश्न विचारला.

माझे यजमान माझ्याकडे आले. "हिटी, बी."

"आपल्याकडे बी नाही. तुम्ही जी टाकली ती शेवटची."

"माळ्यावर पिंप होतं."

"हिवाळ्यात खाल्लं. तुम्हीच खाल्लंत."

ते टोपी घेऊन निघाले. पंचाला रिकाम्या हाताने जाता येत नाही. दोन्ही जवळ नसले की लोक मत ओळखतात. सभाघराच्या वाटेवर पहिले घर डीकनचे लागते. पुढचे मला प्रुडन्सने सांगितले. ती मागच्या दाराने कोंबड्यांना दाणे टाकत होती, पुढचे दार वाजले आणि डिझायर उठून गेली.

दारात तिचे दाजी होते, हातात टोपी. त्यांना प्रुडन्स अपेक्षित होती. डिझायरच्या कडेवर बाळ होते आणि तिच्या मागे, खिडकीपाशी, आमच्या आईचे मडके. अंगणातल्या वाफ्यात त्याच बियाण्याचे कोंब नुकतेच वर आले होते, माना वाकवून.

"एक घेवड्याची बी पाहिजे होती," दाजी म्हणाले.

डिझायरने बाळ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतले. तिने टोमणा मारला नाही, असे प्रुडन्स सांगते. आवाजही चढवला नाही. शेजारी मीठ मागायला आलेल्याला विचारावे तसे विचारले.

"कशाला हवी, दाजी?"